सूतभर कमी

बाई, तुझी तेरवी झाली, मांडव उतरला, लोकांची गंज-पातेली लोकांकडे परत गेली आणि दोन जावांच्या या घरात एकच जाऊ उरली. सकाळी मी अजून दोन कप चहा टाकते. साखरेचं काही वाया गेलेलं तुला खपत नव्हतं, म्हणून दुसरा कपही मीच पिते. त्यानं पित्त होतं, आणि पित्त झालं की तुझाच राग येतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वनिता आमगावला परत निघाली. निघताना तुझ्या या लेकीनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तुझी अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "आई सांगून गेली काकू, मुंदी तुलेच द्याची." मी नको म्हटलं. पोटची पोरगी असताना जावेला कशाला, असंही म्हटलं. तिला वाटलं, मी चारचौघींसारखं वरवरचं नको म्हणते आहे. माझ्या नकोचं कारण वेगळंच होतं. ते मी तिला सांगितलं नाही, आणि बाई, छत्तीस वर्षांत तुलाही सांगितलं नाही.

अंगठीला आतून गुंडाळलेला दोरा तसाच होता, हळदीनं आणि तेलानं काळपटलेला. वनितानं तो सोडवला आणि अंगठी माझ्या बोटात घालू लागली. मधल्या पेरावर ती अडली. या घरात आले तेव्हा माझी बोटं चवळीच्या शेंगेसारखी होती, आता सांध्यासांध्याला गाठी आल्या आहेत. वनितानं दोनदा जोर लावून पाहिला, मग सोडून दिलं. म्हणाली, त्यात काय, वाढवून आणू. तुझे कागद आणि लुगडी न्यायला ती रविवारी पुन्हा येणारच होती. तोवर मी घरच्या घरी बोटाचं माप घेऊन ठेवायचं, ती गोंदियाच्या सोनाराकडे देईल. कसं घ्यायचं ते सगळं मोबाइलवर दाखवतात म्हणे.

घरच्या घरी माप कसं घ्यायचं, हे तुझी लेक मला मोबाइलवरून शिकायला सांगत होती. मला हसू आलं. रविवार पाच दिवसांवर होता. तेवढ्यात मला माप घ्यायचं होतं. आणि त्याच्याही आधी हे ठरवायचं होतं की ही अंगठी मी मुकाट्यानं ठेवून घ्यावी, की वनिताला खरं काय ते सांगून तिच्या हाती परत द्यावी.

माप हे तुझं खातं. आपल्या गावात, केशोरीत, कोणाकडे लग्न निघालं की पहिला निरोप तुला यायचा, आचाऱ्याला नंतर. पोरींच्या आया पोरींना घेऊन आपल्या सपरीत, पुढच्या पडवीत, बसायच्या आणि तू हात धुऊन, पदराला पुसून, एखाद्या डॉक्टरणीच्या वरताण तोंड करून त्यांची बोटं तपासायचीस. तुझे नियम मला पाठ आहेत. थंडीच्या सकाळी माप घ्यायचं नाही, बोट आकसलेलं असतं. उन्हातून आलेल्या माणसाचं घ्यायचं नाही, त्याचं फुगलेलं असतं. दुपारी, जेवण झाल्यावर, माणूस निवांत बसला की घ्यायचं. दोरा वापरायचा नाही, दोरा ताणतो. वहीच्या कागदाची बारीक पट्टी कापायची. एकदा बोटाच्या बुडाशी गुंडाळायची, एकदा पेरावर, आणि दोन्हींच्या मधलं माप धरायचं, कारण अंगठीला पेरावरून जायचं असतं आणि बुडाशी राहायचं असतं. उजव्या हाताचं माप डाव्या हाताला लावायचं नाही. आणि एकदा घेऊन भागत नाही, तीनदा घ्यायचं.

बांगडीचं तर तू मनगट कधी मोजलंच नाहीस. अंगठा तळहातात दुमडायला लावून हाताचा सगळ्यात रुंद भाग मोजायचीस. मनगट मोजून बांगडी घेणाऱ्या माणसाला तू पायलीनं दूध मोजणारा म्हणायचीस.

पण सगळ्यात मोठा नियम रोवण्याचा. भाताचे परहे, ती कोवळी रोपं, चिखलात लावायचे ते पंधरा-वीस दिवस बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाताच्या बांधीत वाकलेल्या असतात, हात पाण्यातून निघतच नाहीत. बोटं पाणी पिऊन सुजतात. त्या दिवसांत अंगठीचं माप घ्यायचंच नाही. "रोवण्यात मोजलेली मुंदी दिवाळीत विहिरीत पडते," असं तू पोरींना सांगायचीस. आपल्या इकडच्या सोनारांनाही हे ठाऊक असतं. रोवण्यातलं माप आलं की ते विचारून घेतात आणि सूतभर कमी करतात. सूतभर म्हणजे फार नाही, दोन तांदळांच्या जाडीएवढं.

माझ्या पोराचं लग्न ठरत होतं तेव्हाची तुझी करामत आठवते? पोरगी देवरीची, तिच्या बोटाचं माप हवं होतं आणि मागायचं तर अजून होकार झाला नव्हता. तू म्हणालीस, मी पाहतो. पोरगी पोहे घेऊन आली, तू तिला जवळ बसवलंस, मला हात पाहता येतो म्हणालीस आणि तिचा पंजा हातात घेतलास. भाग्यरेषा, आयुष्यरेषा, काय वाटेल ते सांगत सुटलीस, आणि खालून तुझी कागदाची पट्टी तिच्या बोटाला वेढा घालून परतही आली. मी समोर बसून घाम पुसत होते. वर तिला दोन मुलगे होतील असंही सांगून टाकलंस. तिला एकच मुलगी झाली, पण अंगठी मात्र अशी बसली की ती अजूनही हैदराबादहून फोन केला की मोठ्या सासूबाईंचा हात पाहण्याचा विषय काढते.

मग मोबाइल आला आणि आपलं भांडण सुरू झालं. मी गोंदियात वाढलेली, मॅट्रिक झालेली, त्यामुळे जगातलं सगळं नवीन ते माझ्या बाजूचं आणि सगळं जुनं ते तुझ्या बाजूचं असं आपलं वाटप होतं. मी तुला फोनवर अंगठीच्या मापाचे गोल दाखवले. आपली अंगठी काचेवर ठेवायची, ज्या गोलावर बरोबर बसेल तो आपला नंबर. तू अंगठी ठेवलीस, अंगठा काचेला लागला आणि गोल मोठा झाला. पुन्हा ठेवलीस, तो लहान झाला. तिसऱ्यांदा तो निघूनच गेला आणि तिथे कोणीतरी साड्या विकू लागलं. तू अंगठी उचललीस आणि म्हणालीस, "फोनले पेर नसते लहाने, बोटाले असते." मी तुला अडाणी म्हटलं. तू मला शहाणी म्हटलंस, ज्या सुरात म्हणायचीस त्या सुरात. दोन दिवस आपण फक्त गाईच्या निमित्तानं बोललो.

आता ऐक, या पाच दिवसांत काय झालं ते. पहिल्या दिवशी मी माप घ्यायला बसले. दुपारी, जेवण झाल्यावर, हात कोरडे करून. पट्टी कापली, डाव्या बोटाला गुंडाळली, आणि मग लक्षात आलं की एकाच हातानं पट्टीची दोन टोकं ओढून धरता येत नाहीत. टोक धरलं तर वेढा सुटतो, वेढा धरला तर खूण करायला पेन कशानं धरायचं? एक टोक दातात धरलं, तर कागद ओला झाला आणि फाटला. दुसरी पट्टी तिरकी बसली. मोबाइलवरची बाई हसत हसत एका हातानं सगळं करत होती, तिची बोटं मेणाची असावीत. मी पाच पट्ट्या वाया घालवल्या. मग पाय पसरून बसून राहिले. तुझ्या समोर हात धरला की तू न बोलता दुसरं टोक पकडायचीस. इतकी वर्षं मला वाटत होतं की मोजणं म्हणजे पट्टीचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारी कोणाला तरी बोलवावं म्हणून उठले आणि दारातून परत आले. शेजारीण आली असती, पण ती तुझ्याबद्दल बोलली असती. सगळ्या बोलतात. बिचारीनं घेतलेलं सगळ्यांचं माप बरोबर यायचं, स्वतःचं तेवढं चुकलं, असं म्हणतात. ही गोष्ट गावभर आहे. तूच सांगितलेली आहे, हसत हसत, माप घ्यायला आलेल्या प्रत्येक पोरीला. पाहा, हे माझं चुकलेलं माप, म्हणून करंगळी वर करून दाखवायचीस. पोरी हसायच्या. मी आत चुलीपाशी असायचे.

तुझं माप चुकलं नव्हतं, बाई.

तू विसरली असशील, म्हणून सगळं सांगते. मी सून होऊन आले त्याला दुसरं वर्ष होतं. सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या फाटल्या होत्या, म्हणून त्यांनी आपली सोन्याची जड फुलं मोडायला काढली. त्यात एकच अंगठी होणार होती. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, मोठीला करा, अकरा वर्षं बांधीत तिची कंबर मोडली. बरोबरच बोलल्या. मी चिखलात पाय ठेवताना किंचाळायचे, जळवांना घाबरायचे, माझ्या रोवलेल्या ओळी तू मागून येऊन सरळ करायचीस. पण मी एकवीस वर्षांची होते, माहेरी लाडाची होते, आणि त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. मला अंगठीपेक्षाही ते सगळ्यांसमोर बोलणं लागलं.

दिवस रोवण्याचेच होते. तुला ताप आला होता, चार दिवस तू बांधीत गेली नव्हतीस. तुझं औषध आणायला मी अर्जुनीला निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सोनाराकडेही जाऊन ये, माझा काही भरवसा नाही. तू खाटेवर उठून बसलीस, बोटाला सूत गुंडाळलंस, गाठ मारलीस आणि वेढा काढून माझ्या हातात दिलास. मला म्हणालीस, "सोनाराले सांगजो लहाने, चार दिवस झाले मी घरीच आहो. बोट उतरलं आहे. कमी नोको करू म्हना." मी मान हलवली. तू परत एकदा सांगितलंस, कारण माझ्यावर तुझा भरवसा कमी होता, आणि तो बरोबर होता.

सोनार म्हातारा होता, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यानं फुलं तोलली, सुताचा वेढा हातात घेतला, बाहेर पावसाकडे पाहिलं आणि विचारलं, "रोवण्यातलं माप होय का?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. खोटं काही बोलले नाही, रोवण्याचेच दिवस होते. त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे सूतभर कमी धरलं, मला दाखवलंही, आणि मी पाहत राहिले. मला नेमकं काय हवं होतं ते तेव्हाही मला ठाऊक होतं. तुझ्या बोटात गेली नाही तर ती माझ्याकडे येईल, एवढं साधं. मग मी तुझं औषध घेतलं, तुझ्यासाठी पारले बिस्किटाचा पुडाही घेतला आणि बसमध्ये बसले.

अंगठी आली तेव्हा तुझा ताप गेला होता. सासूबाईंनी देवापुढे ठेवून तुझ्या बोटात घातली आणि ती पेरावर अडली. साबण लावून झालं, तेल लावून झालं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू ओशाळून म्हणालीस की तापात माझंच माप चुकलं. मला विचारायचं तुझ्या मनातही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, वाढवून आण. त्यावर तू जे म्हणालीस ते घरात कायमचं झालं: सासूच्या सोन्याला एकदा सोनाराची आग लागली ती लागली, तिच्याकडून माझ्याकडे येताना. पुन्हा लागेल तर माझ्याकडून दुसरीकडे जाताना. मधे नाही. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तू ठरवलंस आणि घरानं मानलं. अंगठी तू करंगळीत घातलीस. तिथे ती सैल, म्हणून आतून पिवळा दोरा गुंडाळलास. दर पोळ्याला जुना दोरा काढून नवा बांधायचीस. अंगठी माझ्याकडे आली नाही, हे मला तेव्हा शिक्षा झाल्यासारखं वाटलं. शिक्षा कसली, ती तर आता कुठे सुरू झाली आहे.

त्यानंतर तू मापाच्या मागे लागलीस. आपलं चुकलं तसं कोणाचं चुकू नये म्हणून. दोरा ताणतो हे तू मला शिकवलंस तेव्हा मी तुझ्या डोळ्यांत पाहू शकले नाही. केशोरीतल्या किती पोरींच्या अंगठ्या बरोबर बसल्या असतील, आणि त्या सगळ्या बरोबर बसण्याच्या मुळाशी माझा एक "हो" आहे. याला पुण्य म्हणावं का पाप, हे मला सांगणारं कोणी नाही.

पुढे मी तुझ्या मागे लागले, अंगठी वाढवून घे, वाढवून घे. दर दिवाळीला एकदा तरी. तुला वाटायचं, मला दोरा दिसायला वाईट वाटतो. तू चिडायचीस. म्हणायचीस, माझ्या बोटाची तुला काऊन एवढी काळजी. मीही चिडायचे. हे आपलं सगळ्यात जुनं भांडण, आणि त्यात मी काय मागत होते हे तुला कधी कळलं नाही. मला फक्त ती अंगठी एकदा तुझ्या खऱ्या बोटात पाहायची होती, म्हणजे मला झोप लागली असती.

माझे मालक गेले त्या दिवसाचं ऋण तर वेगळंच. बायका जमल्या, माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडायला एक जण पाटा घेऊन आलीसुद्धा. तू मधे बसलीस. माझा अंगठा तळहातात दुमडलास, साबणाचं पाणी लावलंस आणि एकेक बांगडी अख्खी उतरवलीस. एकही तडकली नाही. ती बाई म्हणाली, रीत आहे. तू तिच्याकडे न पाहता म्हणालीस, "काढता येते ते फोडाचं कायले?" त्या दिवशी गावात तुझ्यावर बरंच बोललं गेलं. मी रडत होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही की त्यातलं निम्मं रडणं दुसऱ्याच गोष्टीचं होतं. तेव्हापासून नऊ वर्षं आपण दोघी एका चुलीवर जेवलो. तुझे मालक, भाऊजी, आधीच गेले होते. घरात दोन म्हाताऱ्या, एक गाय आणि भांडायला भरपूर विषय. मी एवढी सुखात होते हे मला तू गेल्यावर कळलं.

सांगायची वेळ आली नाही असं मी म्हणू शकत नाही. गोंदियाच्या दवाखान्यात तुझे हात सुजले, नर्स म्हणाली अंगठी काढा, नाहीतर कापावी लागेल. करंगळीतली ती सैल अंगठी रुतून बसली होती. मी तुझ्याच पद्धतीनं काढली: आतला दोरा तोडून ओढून घेतला, दुसरा दोरा अंगठीखालून ओवला, वरच्या पेरापर्यंत घट्ट गुंडाळत नेला आणि खालच्या टोकानं उलगडत आले, तशी अंगठी एकेक वेढा चढत बाहेर आली. तू पाहत होतीस. म्हणालीस, "पाह्य लहाने, करंगळीलेही नाही झाली शेवटी. मापच चुकलं माझं."

कोणी मधे आलं नाही. नर्स गेली होती, वनिता खाली औषध आणायला गेली होती. अख्खी दुपार मोकळी होती. शब्द तोंडात आला होता. मी विचारलं, दुखते का? तू म्हणालीस, नाही. मग अंगठीला नवा दोरा गुंडाळून दे म्हणालीस, घरी गेल्यावर घालीन. मी जुनाच पुन्हा गुंडाळला, नवा पिवळा तिथे नव्हता. तू चार दिवसांनी गेलीस.

उरलेले दिवस मी पट्टीला हात लावला नाही, आणि काल रविवार झाला. वनिता दुपारच्या बसनं आली. जेवली, तुझी पेटी आवरली, तुझं ते जांभळं लुगडं नाकाशी धरून थोडा वेळ बसली. मग सपरीत माझ्या समोर येऊन म्हणाली, आण काकू तुझं माप. मी म्हटलं, माप नाही घेतलं, बस, तुला काही सांगायचं आहे. आणि जे वर लिहिलं ते तिला सांगितलं. वाढवून नाही, कमी करूनही नाही. मॅट्रिकची परीक्षा देताना मी इतकी घाबरले नव्हते.

तिनं मान अंगणाकडे वळवली. तिचा चेहरा बापावर गेला आहे, पण मान वळवते ती तुझ्यासारखी. मग म्हणाली, "हे मले कायले सांगून राहिली काकू? आईले सांगाचं होतं."

मी अंगठी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, ही तुझी. तुझ्या बोटाचं माप दे, माझी कानातली बाळी घे, सोनं कमी पडलं तर त्यातलं घाल. बाळी तिनं घेतली नाही. हात मात्र थोड्या वेळानं पुढे केला. मी वहीचं पान फाडून पट्टी कापली आणि तिच्या बोटाला गुंडाळली. बाई, तिचं पेर अगदी तुझं आहे, तसंच रुंद, बाहेरच्या बाजूला तसंच झुकलेलं. मला नीट दिसत नव्हतं, तरी मी बुडाशी मोजलं, पेरावर मोजलं, तीनदा मोजलं, खूण केली आणि पट्टी तिला दिली.

तिनं ती बाजूला ठेवली. वहीचं दुसरं पान घेतलं, दुसरी पट्टी कापली, एक टोक गुडघ्याखाली दाबून धरलं आणि स्वतःच्या बोटाचं माप स्वतः पुन्हा घेतलं. हळूहळू, दोनदा चुकत. मी मदतीला हात पुढे केला नाही. मग तिनं दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. सारख्याच होत्या. तिनं आपली पट्टी रुमालात अंगठीबरोबर बांधली आणि माझी तिथेच राहू दिली.

जाताना ती माझ्या पाया पडली, दर वेळी पडते तशी. पुन्हा कधी येईल ते बोलली नाही. बसपर्यंत सोडायला मी गेले, तिची पिशवी मी धरली होती, ती तिनं वाटेत काढून घेतली नाही. मी तेवढ्यावर समाधान मानते.

तिचं म्हणणं खरं होतं. जिला सांगायचं तिला सांगायला हवं होतं, म्हणून आज हे लिहायला बसले. बाई, सोनारानं विचारलं तेव्हा तुझा निरोप मला शब्दन्‌शब्द आठवत होता, आणि मी हो म्हटलं. माझ्याकडून झालं. मला माफ कर असं लिहावं म्हणते, पण तू नसताना तो शब्द लिहिणं फार सोपं आहे.

छत्तीस वर्षं तू काय बोलणार हे मला तू तोंड उघडण्याआधी कळत होतं. भाजीत मीठ जास्त झालं तर काय म्हणशील, पाहुणा उशिरा आला तर काय म्हणशील, सगळं. यावर तू काय म्हणाली असतीस, तेवढं मला कळत नाही. शिव्या घातल्या असत्यास, की जाऊ दे लहाने म्हणाली असतीस, की काहीच न बोलता उठून गाईला पाणी पाजायला गेली असतीस? आज दुपारी सपरीत बसून मी तिन्ही उत्तरं तुझ्यासारखी देऊन पाहिली. तिन्ही वेळा आवाज माझाच आला.